अग्निवीर होऊन परत येणाऱ्या पोरांच्या घरच्यांना खुलं पत्र

नमस्कार,

मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेल, जिथं जिथं घरातला मुलगा अग्निवीर म्हणून गेलाय तिथल्या आईवडलांना, बहिणींना, मामा-काकांना हे पत्र. मुलीही गेल्यात, नेव्हीच्या पहिल्या बॅचला ओडिशातल्या चिल्काच्या ट्रेनिंग सेंटरला मुली होत्याच, तर त्यांच्या घरच्यांनाही. खाली मी पोरगा पोरगा म्हणतेय ते फक्त लिहायच्या सोयीसाठी.

अग्निपथ योजना, म्हणजे पोरांना चार वर्षांसाठी फौजेत घेतात ती, चांगली की वाईट यावर मी काही लिहिणार नाहीये. त्यावर टीव्हीवर बोलून झालं, संसदेत झालं, निवडणुकीत झालं, अजून होईल. मला बोलायचंय ते पोरगं घरी आल्यावर घरात जे बोलणं होतं त्याबद्दल, किंवा होत नाही त्याबद्दल. कारण ते आमच्या घरात कितीतरी वर्षं झालं नाही आणि त्याचे हाल आम्ही सगळ्यांनी काढलेत.

मी एका लान्स नायकाची मुलगी. आप्पा 1980 ला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला भरती झाले. गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुका, घरातला एक गिरणीत आणि एक पलटणीत हे आमच्याकडे ठरलेलंच. आजोबा परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तो काही संपलाच नाही, अडीच लाख कामगारांच्या घरात जे झालं तेच आमच्याकडेही झालं, आणि त्या काळात भांडुपच्या खोलीत चूल पेटली ती आप्पांच्या मनीऑर्डरवर. म्हणजे फौजेने आमचं घर वाचवलंय, हे मी आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही फौजेवर रागावलेली बाई आहे. अजिबात नाही. आजही 26 जुलैला आमच्या घरात कारगिलच्या जवानांसाठी दिवा लागतो.

आता तुमच्या पोराचं. अग्निपथ योजना जाहीर झाली जून 2022 ला, आर्मीच्या पहिल्या बॅचचं ट्रेनिंग सुरू झालं जानेवारी 2023 च्या सुरुवातीला. चार वर्षं धरली तर 2026 संपताना आणि 2027 उजाडताना पहिली पोरं बाहेर पडणार, मग दरवर्षी पुढच्या बॅचा. नियम असा आहे की जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढं कायम करणार, म्हणजे चारातली तीन पोरं घरी. हे भरतीच्या दिवसापासून कागदावर आहे. वय काय असेल त्यांचं? बावीस, तेवीस, कुणी पंचवीस. आमचे आप्पा छत्तिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन आले तरी आमच्या घराची घडी विस्कटली होती, तुमच्या घरी तर पोरगं पेन्शनशिवाय येणार आहे, आणि लग्नाआधी येणार आहे, कारण त्या चार वर्षांत लग्न करायची परवानगीच नाही. म्हणजे त्याचं जे काही बोलणं व्हायचंय ते तुमच्याशीच होणार, बायको नाही पोरं नाहीत, आई बाप आणि बहीण. म्हणून हे पत्र तुम्हाला.

पहिली गोष्ट, पहिल्या आठवड्यात त्याला ‘आता पुढं काय’ हे विचारू नका. कळकळीने सांगते. हा प्रश्न त्याला दादर स्टेशनवर उतरल्यापासून सगळे विचारणार आहेत, रिक्षावाला विचारेल, खालचा इस्त्रीवाला विचारेल, पूजेला आलेले भटजी विचारतील. घरात तरी तो प्रश्न नको. त्याला तो प्रश्न माहीत नाही असं थोडंच आहे, शेवटचं वर्षभर रात्री ड्युटीवर उभं राहून त्याने दुसरा कसला विचार केला असणार.

दुसरं, ‘काढलं का रे?’ हे वाक्य. हे आपल्याकडे होणार म्हणजे होणारच, चाळ असो की टॉवर. कुणीतरी जिन्यात तोंड वाकडं करून म्हणणार, काढलं वाटतं. त्याचं उत्तर तुम्ही घरातल्यांनी आधीच एकत्र बसून ठरवून ठेवा आणि सगळ्यांनी एकच सांगा: त्याची चार वर्षांची नोकरी पूर्ण झाली, सर्व्हिस पूर्ण करून आलाय. कारण हे खरं आहे. काढलेलं नाहीये, नापास झालेला नाहीये, ज्या अटीवर गेला ती अट त्याने पूर्ण केली. आणि बापाने हे पोरासमोर, चार माणसांत, मोठ्याने सांगायला पाहिजे. पोरगं ऐकतं ते शेजाऱ्याचं बोलणं नाही, शेजारी बोलल्यावर बाप काय बोलला ते ऐकतं.

आणि चार वर्षं म्हणजे कॉलेजचा कॅम्प नव्हता हे आधी घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसू दे. सियाचीनवर ऑक्टोबर 2023 ला जो अग्निवीर गेला तो आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला होता. ऑक्टोबर 2024 ला आपल्या नाशिकला, तोफखान्याच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा सीमेवर अग्निवीर होते. तुमच्या पोराने यातलं काय पाहिलंय, कुणाला खांदा दिलाय, कुणाचं सामान पेटीत भरून त्याच्या घरी पाठवलंय हे तुम्हाला माहीत नाही. सुट्टी पण वर्षाला तीस दिवस, त्यातले येण्याजाण्यात किती गेले असतील, त्यात तो फक्त चांगलंच सांगून गेला असणार.

गणपतीला गावी जाताना माणगावच्या ट्रॅफिकमधे आपण सगळेच अडकतो, तिथं तहसील कार्यालयाजवळ एका जवानाचा पुतळा आहे, नाईक यशवंत घाडगे. मराठा पलटणीचा, 10 जुलै 1944 ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेला आणि तिथंच पडला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय होतं बावीस. आमचे पणजोबापण त्याच इटलीत होते, तेही मराठा पलटणीतच, ते परत आले. परत येऊन शेती केली, पुढची चाळीस वर्षं जगले आणि इटली म्हणजे काय होतं हे कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलं पण नाही. पडलेल्याचा पुतळा होतो हे बरोबरच आहे, व्हायलाच पाहिजे, पण परत आलेल्याला कुणीतरी शेजारी बसून विचारायला पाहिजे ना, की बाबा काय झालं तिकडं.

आमच्या घरात हेच पुढच्या पिढीत झालं. आप्पा श्रीलंकेत होते. आत्ताच्या पोरांना हे युद्ध माहीतच नाही, शाळेत 65 आहे, 71 आहे, कारगिल आहे, श्रीलंका नाही. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, आपली शांतिसेना म्हणून फौज तिकडं गेली, आणि ऑक्टोबरमधे ज्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावायची होती त्या एलटीटीईशीच, म्हणजे वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या बंडखोरांशीच, जाफनात लढाई सुरू झाली. ऑपरेशन पवन. मार्च 1990 पर्यंत आपले लोक तिथं होते, बाराशेच्या आसपास जवान गेले. शेवटची तुकडी बोटीने मद्रासला उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत, कारण तिथल्या तमिळ लोकांवर या फौजेने अत्याचार केले असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातलं खरं खोटं मी इथं काढत बसत नाही, पण विचार करा, ज्या माणसाने तिथं आपल्या सेक्शनचे लोक गमावलेत त्याला परत आल्यावर कळतं की आपण जिंकलो का हरलो, चांगलं केलं का वाईट, हे कुणाला ठरवताच येत नाहीये आणि म्हणून कुणाला बोलायचंच नाहीये.

आप्पा पण बोलले नाहीत. ते सुट्टीवर यायचे, हिरवी लोखंडी पेटी पलंगाखाली जायची, कॅन्टीनचा साबण आणि चहापत्ती निघायची, आम्ही खूश. एकदा, मी सात-आठ वर्षांची असेन, गल्लीत गटाराच्या कडेला एक छान स्टीलचा डबा पडला होता, झाकण लागलेला. माझा धाकटा भाऊ उचलायला वाकला. आप्पा मागून चालत होते. ते असे ओरडले की अख्ख्या गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, आणि त्यांनी भावाला हाताला धरून इतक्या जोरात मागं ओढलं की त्याचा खांदा चार दिवस सुजला होता. मग ते तिथंच उकिडवे बसले. डब्यात काही नव्हतं, कुणाचा तरी कामावर जाताना पडलेला डबा, आत भाजी-पोळी होती. आईने घरी आल्यावर त्यांना खूप बोललं, पोराला असं मारतात का म्हणून, आणि आप्पा एक शब्द बोलले नाहीत.

पुढं 93 चे बॉम्बस्फोट झाले आणि मग लोकलमधे, स्टेशनवर अनाउन्समेंट सुरू झाल्या, बेवारस वस्तूला हात लावू नका, तेव्हा सगळी मुंबईच तसं बघायला लागली. पण आमच्या घरात हे आधीपासून होतं आणि का आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. खूप नंतर कळलं. तिकडं रस्त्याखालच्या मोरीत सुरुंग, घराच्या दाराला तार, पडलेल्या वस्तूला जोडलेला स्फोट, पाण्याच्या कॅनमधे दारूगोळा. त्यांच्या डोळ्यांसमोर एका पोराने घरात पडलेला रेडिओ उचलला होता. एवढंच सांगितलं त्यांनी, त्यापुढं आजपर्यंत नाही सांगितलं, आणि आम्हीही पुढं विचारलं नाही. सांगायचं म्हणजे सगळं सांगायलाच पाहिजे असं नाहीये. तेवढं एक वाक्य जरी त्या दिवशी आईला माहीत असतं तरी त्या रात्रीचं भांडण झालं नसतं, आणि भाऊ कितीतरी वर्षं बापाला घाबरत राहिला ते राहिला नसता.

मग हे बोलणं सुरू कसं झालं, ते सांगते, कारण तुम्हाला तेच उपयोगी पडेल.

समोर बसवून झालं नाही. आईने एक-दोनदा तसं केलं होतं, चहा देऊन समोर बसली, म्हणाली सांगा काय आहे मनात, ते उठून बाहेर गेले. झालं ते बुटांमुळे. आप्पा 1997 ला कायमचे घरी आले आणि आल्या आल्या त्यांनी एक काम स्वतःकडे घेतलं, रविवारी रात्री आमचे शाळा-कॉलेजचे बूट. मोरीजवळ वर्तमानपत्र पसरायचं, चेरी ब्लॉसमची डबी, जुन्या बनियनची चिंधी दोन बोटांना अशी घट्ट गुंडाळायची की वर एक सुरकुती नाही, जरासं पॉलिश, पाण्याचा एक थेंब, आणि मग टोकावर बारीक बारीक गोल, गोल, किती वेळ. दिव्याची ट्यूब त्या टोकात दिसेपर्यंत. मी बाजूला दुसऱ्या बुटाला ब्रश मारत बसायचे. दोघांची नजर बुटावर. तेव्हा ते बोलायला लागले. आधी सेंटरच्या उस्तादांच्या गोष्टी, मग थंडीच्या, मग एकेका मित्राचं नाव. मी मान वर करायची नाही हे मला आपोआप कळलं होतं. मान वर केली, की थांबायचे.

तर तुमच्या घरात बूट नसतील, काहीही असेल. गाडी धुणं असेल, भाजी निवडणं, पंखा साफ करणं, लोकलला विंडो सीटला शेजारी शेजारी बसून कर्जतपर्यंत जाणं. हात कामात पाहिजेत आणि डोळे एकमेकांवर नकोत. आणि तो बोलायला लागला की त्यात आपलं घालू नका, आमच्या वेळी असं होतं, अरे आम्हीपण किती काढलं. बापांना विशेष सांगते. तुम्ही सगळं काढलंय, लोकलला लटकून, डबल शिफ्ट करून, मला माहिती आहे, पण ते त्याला दुसऱ्या दिवशी सांगा.

मोबाईल बाजूला ठेवा आणि रेकॉर्डिंग तर अजिबात नको. हल्ली कुणीही उठून व्हिडिओ करतं, जवानाची कहाणी म्हणून टाकतं. त्याने जे आईला सांगितलं ते आईजवळच राहू दे. शिवाय पोस्टिंग कुठं, युनिट कोणतं, तिथं काय होतं, हे नेटवर टाकणं त्याच्यासाठी आणि तिथं अजून उभ्या असलेल्या पोरांसाठी धोक्याचं आहे.

आता कानाचं सांगते, हे नीट वाचा. आप्पा मॉर्टर प्लाटूनला होते, 81 एमएमची मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ. गोळा नळीत सोडायचा, वाकायचं, कान दाबायचे, परत. सराव म्हटला तरी दिवसभर. घरी आल्यावर आमच्याकडे रोजचं भांडण कशावरून, तर टीव्हीच्या आवाजावरून. बातम्या एवढ्या मोठ्याने की शेजारचे भिंत वाजवायचे. आई म्हणायची मुद्दाम करतात. हाक मारली की ओ देत नाहीत, आई म्हणायची गुर्मी आहे, फौजेत हुकूम करायची सवय लागली. ही सगळी भांडणं दोन वर्षं चालली आणि शेवटी भावाच्या कॉलेजमधल्या एका आरोग्य शिबिरात तपासलं तर डावा कान जवळपास गेलेला आणि उजवाही कमी. माणसाला ऐकू येत नव्हतं हो. आणि ते त्यांना स्वतःला माहीत होतं. बाहेर पडताना जी मेडिकल होते तिथं त्यांनी सांगितलंच नव्हतं, कारण बरोबरची पोरं हसतील, आणि सतरा वर्षं मजबूत म्हणून राहिलो आता शेवटी रडगाणं कशाला.

तुमचा पोरगा पण तेच करणार. पोरं शेवटच्या मेडिकलला सगळं ओके म्हणून सही करून मोकळी होतात, घरी पळायची घाई असते. म्हणून तो तिथं असतानाच, निघायच्या महिनाभर आधी, फोनवर त्याला हे विचारा: कान कसे आहेत, पाठ कशी आहे, गुडघा, बोटं, झोप. थंडीत बोटं बधिर होत होती ती अजून होतात का. काही असेल तर मेडिकलला सांग, लिहून घे, रिपोर्टची कॉपी घे. ड्युटीमुळे अपंगत्व आलं असेल आणि ते मेडिकल बोर्डाने मान्य केलं तर अग्निवीरांना टक्क्यांप्रमाणे एकरकमी मदत आहे, 50 टक्क्यांना 15 लाख, 75 ला 25 लाख, 100 ला 44 लाख. पण कागदावर नसेल तर नंतर कुणासमोर काय सिद्ध करणार. हे आईने सांगितलेलं तो ऐकतो, बापाने सांगितलं तर हो हो म्हणतो, हा माझा अनुभव.

पैशाचं पण बोलून टाकू. सेवा निधी, म्हणजे चार वर्षं संपल्यावर मिळणारी रक्कम, साधारण 11.71 लाख व्याजासकट, त्यावर इन्कम टॅक्स नाही. यातला अर्धा त्याच्याच पगारातून दर महिन्याला 30 टक्के कापून जमलेला आहे, अर्धा सरकारचा. पहिल्या वर्षी 30 हजार पगार, हातात 21 हजार, त्यातलेही तो घरी पाठवत होता हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे हे बक्षीस लागलेलं नाहीये, त्याचा कापलेला पगार आहे. मुंबईत या पैशात काय येतं? विरारला पण वन आरके मिळणं अवघड. पण नातेवाइकांच्या डोळ्यांत तो आकडा फार मोठा दिसतो. बहिणीचं लग्न आहे, गावच्या घराचा स्लॅब आहे, मामाला टॅक्सीचं परमिट घ्यायचंय, कुणीतरी ट्रेडिंगचं ऍप दाखवणार, महिन्याला दहा टक्के देतो म्हणणार. घरात एकदा सगळ्यांसमोर ठरवा की सहा महिने या पैशाला कुणी हात लावायचा नाही, बँकेत एफडी करून ठेवायचा आणि चावी त्याच्याकडे. आणि जो कुणी मागायला येईल त्याला नाही म्हणायचं काम घरातल्या मोठ्याने करायचं, पोराला ते करायला लावू नका, त्याला जमणार नाही, चार वर्षांत त्याला फक्त हो सर शिकवलंय.

कागदांबद्दल जास्त लिहीत नाही, थोडक्यात. दहावीवर भरती झाला असेल तर एनआयओएस या सरकारी मुक्त विद्यालयामधनं बारावीची सोय आहे, ती त्याने घेतली का बघा. इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदवी आहे ज्यात फौजेतल्या ट्रेनिंगचे निम्मे क्रेडिट धरतात, तीन वर्षांचा कोर्स, त्यात नाव घातलं का विचारा. स्किल सर्टिफिकेट जपून ठेवा, लॅमिनेट करू नका, बऱ्याच ठिकाणी मग ते चालत नाही. केंद्रीय पोलीस दलांत अग्निवीरांसाठी राखीव जागा आणि वयाची सवलत आहे, पहिल्या बॅचला पाच वर्षांची, त्यामुळे लगेच हातपाय गाळायची गरज नाही. आधार, दहावीचं सर्टिफिकेट आणि फौजेचा कागद यात नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे तो घरी यायच्या आधी बघितलं तर फार त्रास वाचतो.

आणि नोकरी. आप्पांना पहिली नोकरी मिळाली एका मोठ्या टॉवरच्या गेटवर, एजन्सीमार्फत. बारा तास उभं. पगार वेळेवर नाही, आठवड्याची सुट्टी मागितली की दुसरा माणूस आणतो म्हणायचे. तिथला एक सुपरवायझर, आप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यांना ए वॉचमन म्हणून हाक मारायचा. गेटवर उभं राहणं हे कमी दर्जाचं काम आहे असं मी मुळीच म्हणत नाही, ते काम आप्पांनी मान ताठ ठेवून केलं, नंतर बँकेत गनमन म्हणून लागले तिथं तर त्यांना सगळा स्टाफ मान द्यायचा. पण त्या पहिल्या दोन वर्षांत ते घरी येऊन काय बोलायचे? काहीच नाही. जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. तर तुमचा पोरगा जी पहिली नोकरी पकडेल ती बहुतेक अशीच कुठली तरी असेल, डिलिव्हरी, सिक्युरिटी, गोडाऊन. त्याला सांगा की ही पहिली आहे, शेवटची नाही, आणि सोडून आलास तरी घरात ताट आहे. हे शब्दात सांगावं लागतं. आपल्या लोकांना वाटतं की ते कळतंच की, त्यात काय सांगायचं. नाही कळत. त्या वयात तर अजिबात नाही कळत.

आयांना एक सांगायचंय. माझी आई सतरा वर्षं एकटीने घर चालवत होती, रेशनची लाइन, सासऱ्यांचं आजारपण, आमच्या शाळा, पावसाळ्यात गळणारा पत्रा, सगळं. आप्पा घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून घराचं टाइमटेबल बदललं. साडेचारला उठा, अंथरूण घडी, भांडी ओळीत. आई काही महिने गप्प राहिली आणि एका दिवशी पाणी भरताना हंडा खाली ठेवून म्हणाली, तुम्ही पलटण सांभाळली, हे घर मी सांभाळलंय, इथं तुम्ही नवीन आहात, विचारून करा. आप्पा बघत राहिले आणि मग म्हणाले, बरं, शिकव. त्या दिवसापासून आमच्या घरात खरं बोलणं सुरू झालं असं मला वाटतं. तुमच्या घरातपण चार वर्षांत बरंच बदललंय, बहिणीने त्याच्या पलंगाच्या जागी टेबल टाकलं असेल, आजी गेली असेल, बापाची नोकरी गेली असेल आणि त्याला टेन्शन नको म्हणून कळवलं नसेल. ते सगळं त्याला सांगा. त्याने एकट्यानेच सोसलंय आणि घरात सगळं मजेत होतं असं नको, तुमचंही त्याला ऐकू दे. त्याला काहीतरी करायला मिळेल.

झोप लागत नसेल, रात्री उठून दार तपासत असेल, चिडचिड, दारू, नुसतं खोलीत पडून राहणं, हे आठवड्यापेक्षा जास्त चाललं तर थांबू नका. टेली मानस म्हणून सरकारची फोन सेवा आहे, 14416, फुकट, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र. पहिला फोन तुम्ही करा, काय बोलायचं तेही ते लोक सांगतात. देवदेव, अंगारा, जे काय करायचं ते करा, पण हा फोनही करा.

आमच्या भांडुपला आम्ही माजी सैनिकांच्या घरच्या काही बायका मिळून एक गोष्ट ठरवतोय. पहिली पोरं यायच्या आधी, दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी, मंडळाच्या हॉलमधे आईबापांनी एकत्र बसायचं. भाषण नाही, हार-तुरे नाहीत, नेते नाहीत. ज्यांच्या घरी फौजेतनं माणूस परत आलाय त्या बायका सांगतील पहिल्या वर्षात काय काय झालं, आणि ज्यांचा पोरगा यायचाय त्यांनी हवं ते विचारायचं. आप्पाही येणार आहेत, आता पासष्ट पार केली, मशीन लावलंय कानाला, त्यामुळे त्यांच्याशी जरा समोरून आणि सावकाश बोला. तुमच्या भागातही असं करता येईल, विक्रोळीत, कळव्यात, डोंबिवलीत, एक हॉल आणि चहा एवढंच लागतं. हॉल मिळाला नाही तर कुणाच्याही गच्चीवर बसा. पण पोरगं घरी यायच्या आधी बसा.

तुमचीच,
एका लान्स नायकाची मुलगी, भांडुप